नंबर एकची जोडी का मोडली? झेंग सिवेई, चेन चिंगचेन आणि तुमची मुलगी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘बॅडमिंटनच्या मिश्र दुहेरीत चीनचे झेंग सिवेई आणि चेन चिंगचेन ज्युनियर जगज्जेते होते, सीनियरमध्येही पहिल्या क्रमांकावर गेले, तरी २०१७ मध्ये त्यांची जोडी मोडली. हे क्रूर नाही का? माझी मुलगी १५ वर्षांची आहे. दोन वर्षांपासूनची तिची पार्टनर सर आता बदलतायत आणि दाखला चीनचाच देतायत. त्यांचं ऐकू की अकॅडमी बदलू?’

दादा, यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. चीनमध्ये तेव्हा काय झालं, हा एक. जोडी मोडली म्हणजे आपल्या मुलीला कमी लेखलं का, हा दुसरा, आणि तुमची झोप उडवलीय ती त्यानेच. तरी पहिल्यापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या सरांनी दाखला बरोबर निवडलाय. त्यातला अर्धा भाग मात्र त्यांनी तुम्हाला सांगितलेला दिसत नाही.

मी गेली २२ वर्षं मुलांना दुहेरी शिकवतोय. त्यातल्या निम्म्याहून जास्त वर्षांत झेंगचे सामने मी थांबवून थांबवून पाहिलेत, मुलांनाही दाखवलेत. त्यामुळे हे उत्तर कोचच्या खुर्चीतून आहे, आणि त्या खुर्चीचे दोषही त्यात असतीलच.

झेंगचा जन्म १९९७ चा, गाव वेन्झोऊ, प्रांत झेजियांग. चेन त्याच वर्षीची, ग्वांगडोंगची. २०१५ ला पेरूच्या लिमा शहरात ज्युनियर जागतिक स्पर्धा झाली. तिथे झेंगने दोन सुवर्णपदकं घेतली, एक मिश्र दुहेरीत चेनबरोबर आणि दुसरं मुलांच्या दुहेरीत हे जितिंगबरोबर. हे जितिंग हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. वर्षभरात झेंग-चेन सीनियरमध्ये धुमाकूळ घालायला लागले. २०१६ च्या डिसेंबरमध्ये दुबईची सुपरसीरिज फायनल्स त्यांनी जिंकली. त्याच स्पर्धेत चेनने जिया यीफानला घेऊन महिला दुहेरीही जिंकली. १९ वर्षांच्या मुलीने वर्षअखेरच्या एकाच स्पर्धेत दोन विजेतेपदं घेतली. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, हे सोन्याचं अंडं आहे, याला हात लावायचा नाही. कोचला मात्र तिथेच काळजी लागते.

आता २०१७ चा मे महिना. गोल्ड कोस्टला सुदिरमन कप, सांघिक स्पर्धा, अंतिम फेरीत चीन आणि कोरिया. लढत २-२ अशी अडली आणि निकाल मिश्र दुहेरीवर आला. तिथे झेंग-चेन नव्हते. चीनची लू काइ आणि हुआंग याचियोंग ही जोडी कोरियाच्या चोई सोल-ग्यू आणि चे यू-जंगकडून सरळ दोन गेममध्ये हरली. चषक गेला. चेन त्या लढतीत महिला दुहेरीचा सामना खेळली होती.

तीनच महिन्यांनी ग्लासगोची जागतिक स्पर्धा. २७ ऑगस्ट २०१७ हा रविवार आपल्याकडे कुणी विसरणार नाही. सिंधू आणि ओकुहाराचा तो ११० मिनिटांचा अंतिम सामना त्याच दिवशीचा. आपण सगळे त्यात इतके गुंतलो होतो, की त्याच हॉलमध्ये चेन चिंगचेन काय करत होती याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. ती दोन अंतिम सामने खेळत होती. महिला दुहेरीत जियाबरोबर जपानच्या फुकुशिमा-हिरोता जोडीला तीन गेममध्ये हरवून ती जगज्जेती झाली. मिश्रमध्ये झेंगबरोबर इंडोनेशियाच्या तोंतोवी अहमद आणि लिलियाना नात्सिरविरुद्ध पहिला गेम २१-१५ जिंकला, मग १६-२१, १५-२१ असे दोन घालवले. एका दिवसात सहा गेम, आणि त्याआधीच्या आठवड्यात दोन्ही प्रकारांतल्या फेऱ्या वेगळ्याच. पहिला गेम सहज घेऊन पुढचे दोन गेम हळूहळू हातातून निसटणं, हा नमुना मी जिल्हा स्पर्धेतही शंभर वेळा पाहिलाय. नात्सिरसारख्या खेळाडूचं मोठेपण मी कमी करत नाही. ती नेटवर काय होती ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पण तिसऱ्या गेममध्ये पाय अर्धं पाऊल उशिरा पोचायला लागले, की अशा खेळाडूसमोर काही खरं नसतं.

पायांपेक्षाही खोलवरची एक गोष्ट असते, आणि ती पालकांना कुणी समजावून सांगत नाही. महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी हे जवळजवळ दोन वेगळे खेळ आहेत. महिला दुहेरीत रॅली लांबतात, दोघी सतत जागा बदलतात. मागून स्मॅश, ड्रॉप, पुन्हा स्मॅश असं २०-२० फटके चालतं आणि चेन त्यात मागून मारणारी, दमाची खेळाडू. मिश्रमध्ये मुलगी मुख्यतः पुढे. मुलगा सर्व्हिस करतो तेव्हाही ती त्याच्या पुढे, नेटजवळ उभी असते. तिसऱ्या-चौथ्या फटक्यावरच शटल अडवायचं आणि समोरच्याला उचलायला लावायचं, हे तिचं काम. समोरची जोडी तिला मागे ढकलायला बघते आणि ती मागे गेली की अर्धा डाव संपला. एकीकडे थांबून, टिकून खेळायची सवय आणि दुसरीकडे क्षणात झेप घेण्याची. एकाच आठवड्यात दोन्ही सवयी आलटून पालटून वापरता येतात. मात्र सरावाच्या दिवसाचे तास तेवढेच असतात आणि दोन्हीत रोज थोडी थोडी उधारी राहते.

चीनने दोन प्रकार खेळणाऱ्या खेळाडू आधी जोपासल्या नव्हत्या असं नाही. गाओ लिंगने २००० आणि २००४ चं मिश्रचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं आणि ती महिला दुहेरीही खेळायची. झाओ युनलेईने २०१२ ला लंडनमध्ये दोन्ही सुवर्णं एकाच ऑलिम्पिकमध्ये घेतली. पुरुषांमध्ये झांग नान होता: लंडनला मिश्र, रिओला फू हायफेंगबरोबर पुरुष दुहेरी. २०१७ मध्ये चीनच्या दुहेरी विभागाची सूत्रं आली झांग जुनकडे, म्हणजे गाओ लिंगच्याच मिश्रमधल्या पार्टनरकडे. दोन प्रकार खेळणाऱ्या मुलीचा पार्टनर असणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं जवळून कुणी अनुभवलं असेल? शिवाय साधा हिशेब आहे. ऑलिम्पिकच्या दुहेरीत एका देशाच्या दोन जोड्या जाऊ शकतात, पण दोन्ही पहिल्या आठात असाव्या लागतात. एकाच मुलीवर दोन प्रकार टाकले तर दोन्ही प्रकारांच्या जोड्या एकाच गुडघ्यावर उभ्या राहतात.

म्हणून चेन महिला दुहेरीकडे गेली. माझ्या मते जोडी ‘मोडली’ हा शब्दच इथे थोडा चुकीचा आहे. चेनची एक जोडी राहिली, एक सुटली. झेंगला मात्र नवीन पार्टनर लागणार होती, आणि ती कशी निवडली हे बघण्यासारखं आहे.

निवडली हुआंग याचियोंग. १९९४ ची, म्हणजे झेंगपेक्षा तीन वर्षांनी मोठी, त्याच्याच झेजियांग प्रांताची, आणि त्याच वर्षी लू काइबरोबर ऑल इंग्लंड जिंकून आलेली. तिचा सगळा जीव नेटमध्ये. २० वर्षांच्या, वेगवान, थोड्या उतावळ्या मुलाला अनुभवी, शांत पार्टनर दिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये मकाऊ, चीन ओपन, हाँगकाँग अशा लागोपाठ तीन आठवड्यांत तीन विजेतेपदं आली.

आता गंमत ऐका. डिसेंबरमध्ये पुन्हा दुबईची फायनल्स. तिथे प्रवेश मिळतो जोडीच्या वर्षभराच्या गुणांवर, म्हणून झेंग पुन्हा चेनबरोबर उतरला. आणि ते जिंकले! मला हा निकाल सगळ्यात जास्त आवडतो. जोडी वाईट होती म्हणून बदलली, असं म्हणणाऱ्यांची तोंडं त्या एका आठवड्याने बंद केली. जोडी उत्तम होती आणि तरीही पुढच्या सात वर्षांचं उत्तर ती नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे पालक म्हणून पचवणं अवघड जातं. मला कोच म्हणूनही जड गेलंय.

पुढचं पटकन सांगतो. झेंग-हुआंग २०१८ ला नानजिंगमध्ये जगज्जेते, २०१९ ला बासेलमध्ये पुन्हा (अंतिम सामना २१-८, २१-१२, म्हणजे सामना म्हणायलाही जीभ अडखळते), २०२२ ला टोकियोत तिसऱ्यांदा. आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण दोनदा, त्यातलं दुसरं हांगझोऊला, त्यांच्याच प्रांताच्या राजधानीत.

मध्ये मात्र एक दिवस आहे, ३० जुलै २०२१ चा. टोकियो ऑलिम्पिकची अंतिम फेरी, समोर सराव हॉलमधलेच सोबती वांग यिल्यू आणि हुआंग डोंगपिंग. सगळ्यांनी झेंग-हुआंगला आधीच सुवर्ण देऊन टाकलं होतं. १७-२१, २१-१७, १९-२१. हरले. तुमच्या सरांनी हा अर्धा भाग सांगितला नाही असं मी म्हणालो, तो हाच. ‘हरले की चीनमध्ये जोडी बदलतात’ असं जर तिथलं गणित असतं, तर ही जोडी त्या संध्याकाळीच संपायला हवी होती. ती ठेवली. उलट सुवर्णवाली जोडीच पॅरिसपर्यंत पोचली नाही. वांग यिल्यू बाजूला झाला आणि हुआंग डोंगपिंगला २००१ साली जन्मलेल्या फेंग यानझेबरोबर उभं केलं. मोठी, मुरलेली मुलगी आणि कोवळा, जोरकस मुलगा, तोच मसाला पुन्हा वापरला. चेन-जिया जोडीही टोकियोत अंतिम फेरीत ग्रेसिया पोली आणि अप्रियानी राहायूकडून हरली होती. तीही जोडी ठेवली.

म्हणजे निकालावरून जोड्या बदलल्या असं दिसत नाही. मला दिसतं ते असं, की प्रत्येक वेळी प्रश्न विचारला गेला: या दोघांना एकमेकांकडून अजून काही मिळायचं शिल्लक आहे का? २०२१ मध्ये झेंग-हुआंगच्या बाबतीत उत्तर ‘हो’ होतं. तीन वर्षांनी, २ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये त्यांनी कोरियाच्या किम वोन-हो आणि जंग ना-उनला २१-८, २१-११ हरवून सुवर्ण घेतलं. दुसऱ्या दिवशी, ३ ऑगस्टला, त्याच कोर्टवर चेन चिंगचेनने जियाबरोबर महिला दुहेरीचं सुवर्ण घेतलं. समोर चीनचीच लिऊ शेंगशू आणि तान निंग ही तरुण जोडी होती.

इथे थांबून टाळ्या वाजवायचा मोह होतो. पण तुम्ही क्रूर आहे का असं विचारलंय, तर प्रामाणिकपणे सांगतो: आहे, काही अंशी. हे जितिंग आठवतो ना? लिमामध्ये झेंगच्या खांद्याला खांदा लावून सुवर्ण जिंकलेला मुलगा. सीनियरमध्ये त्याला तान चियांग, मग झोऊ हाओडोंग, मग रेन शियांग्यू असे पार्टनर मिळत गेले. मोठ्या स्पर्धांत त्याने नाव काढलं, पण टोकियो किंवा पॅरिसच्या ऑलिम्पिक संघात तो नव्हता. पदक एकच होतं, मुलं दोन होती. चीनमध्ये क्रीडाशाळा, मग प्रांताचा संघ, मग राष्ट्रीय संघ अशी चढण असते आणि जोडी कुणाची लागणार हे कोच ठरवतात. तिथे ही पद्धत चालते कारण खाली डझनभर मुलं तयार उभी असतात. एक जोडी चुकली तर दुसरी येते. तुमच्या मुलीमागे अशी डझनभर नाहीत आणि ती स्वतःही त्या डझनातली एक नाही. तिचा खर्च तुम्ही करताय, सरकार नाही.

झेंगनेही किंमत मोजली. २०२४ संपताना, २७ व्या वर्षी, त्याने आंतरराष्ट्रीय खेळ सोडला. थकलेलं शरीर आणि घरी द्यायचा वेळ, ही त्याची कारणं. शेवटची स्पर्धा होती हांगझोऊची वर्ल्ड टूर फायनल्स आणि तीही जिंकूनच तो उतरला. अजून दोन-तीन वर्षं सहज खेळला असता असं आपण म्हणतो. म्हणायला आपलं काय जातं?

आपल्याकडचं उदाहरणही घ्या. मुंबईचा चिराग शेट्टी आणि सात्विक हे काही बालपणापासूनचे जोडीदार नव्हेत. दोघंही उंच, दोघंही मागून मारणारे, दोघांचे पार्टनर वेगळे. मलेशियन कोच तान किम हर यांनी त्यांना एकत्र आणलं, तेव्हा हे जमेल असं त्या दोघांनाही फारसं वाटत नव्हतं. एकाला पुढे खेळायला शिकावं लागलं आणि त्यात वर्षं गेली. आणि दोन प्रकारांचं ओझं बघायचं असेल तर गोव्याची तनिषा क्रास्टो बघा. महिला दुहेरी आणि मिश्र दोन्ही खेळते. आपल्याकडे हे चालवावं लागतं कारण माणसंच कमी.

आता तुमच्या मुलीकडे येतो. आधी माझी एक चूक सांगतो. माझ्याकडे दोन मुलं होती, १३ वर्षांखालील गटापासून एकत्र. जिंकायची, आई-बाबा खूश, मीही खूश. चार वर्षं मी त्यांना हलवलं नाही. एक कायम पुढे, एक कायम मागे. मग पुढच्याने अकरावीला कोटा गाठला. मागे राहिलेल्या मुलाला दुसऱ्या कुणाबरोबरही नेटवर उभं राहता येईना. सर्व्हिस टाकून तो आपोआप मागे पळायचा, कारण चार वर्षं पुढचं सगळं मित्राने सांभाळलं होतं. सहा महिन्यांत त्याने खेळ सोडला. ती जोडी मी दोन वर्षं आधी अधूनमधून तरी सोडवायला हवी होती. ट्रॉफ्या बघून गप्प बसलो.

तेव्हापासून मी १६-१७ वर्षांपर्यंतच्या मुलांची कायमची जोडी बांधत नाही. स्पर्धेला एक पार्टनर ठरलेली असते, पण सरावात आठवड्यातून एक दिवस तरी दुसऱ्या कुणाबरोबर खेळायचं, आणि त्या दिवशी जागाही उलटी. मागची पुढे, पुढची मागे. मुली पहिला महिना वैतागतात. मी वैतागू देतो.

तुमच्या सरांचा निर्णय बरोबर की चूक, हे बरंचसं परिस्थितीवर आहे. मी असतो तर हे बघितलं असतं: बदल हंगामाच्या मध्ये करतायत की राज्य स्पर्धा आटोपल्यावर? मध्ये करत असतील तर थांबायला सांगा, तेवढा तुमचा हक्क आहे. नवीन पार्टनर तिच्यापेक्षा कशात तरी वरचढ आहे का? झेंगला हुआंग मिळाली ती त्याच्यासारखी होती म्हणून नव्हे, त्याच्यात जे कमी होतं ते तिच्यात होतं म्हणून. नुसती ‘दोन्ही स्मॅश मारतात’ अशी जोडी लावत असतील, तर त्यामागचा विचार विचारा. चिरागसारखं उदाहरण निघेलही, पण मग दोघींपैकी पुढे खेळायला कोण शिकणार आणि कोण शिकवणार, हे सरांना सांगता आलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे मुलीला कुणी सांगितलं? तुमच्याकडून कळलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी आली तेव्हा कळलं, की सरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं? यादीवरून कळलं असेल तर निर्णय कितीही बरोबर असो, पद्धत चुकली. त्याबद्दल सरांशी बोला, शांतपणे, तिच्यासमोर नको.

जुन्या पार्टनरच्या घरच्यांनाही एक फोन करा. या वयात मुली जोडी तुटल्याचं जेवढं मनाला लावून घेत नाहीत, त्याहून जास्त मैत्री तुटेल याची धास्ती घेतात, आणि बरेचदा ती मैत्री पालकच तोडतात, कोर्टबाहेर उभे राहून.

अकॅडमी आत्ता बदलू नका. नव्या जोडीला सहा महिने द्या आणि त्या सहा महिन्यांत निकालाची वही काढू नका. त्याऐवजी घरी एक काम करा. ग्लासगोचा मिश्रचा अंतिम सामना आणि पॅरिसचा मिश्रचा अंतिम सामना, दोन्ही व्हिडिओ सापडतील. मुलीला शेजारी बसवा आणि सांगा, शटलकडे बघायचं नाही, फक्त झेंगकडे बघ. पहिल्या व्हिडिओत तो किती वेळा पुढे येतो आणि दुसऱ्यात किती वेळा, ते मोज. मोजून झालं की तिलाच विचारा, नवीन पार्टनरबरोबर तू कुठे उभी राहणार आहेस. तिचं उत्तर घेऊन सोमवारी सरांकडे जा.